पाळी कोणाची? सामाईक वेळापत्रक लिहिणारा संगणक

सातारा-सांगलीकडच्या कोणत्याही कालव्याखालच्या गावातल्या वर्गात एक प्रश्न विचारून पाहा: 'तुमच्या घरी रात्री दारे धरायला कोण जाते?' निम्म्याहून अधिक हात वर येतील. कुणाचे वडील, कुणाचा चुलता, कुणी स्वतःच. पुढचा प्रश्न विचारा: 'आपली पाळी किती वाजता आहे, हे तुम्हांला कसे कळते?' मग मात्र उत्तरे वेगवेगळी येतात. पाटकऱ्याने सांगितले, चावडीवर कागद लावला होता, शेजारच्याचे पाणी संपले की आमचे, कुणीतरी फोन केला.

आता अशी एक रात्र डोळ्यांपुढे आणा. पौषातली थंडी. चारीच्या दारापाशी दोघे शेतकरी समोरासमोर उभे आहेत. दोघांच्याही हातात पाळीचा कागद आहे आणि दोन्ही कागदांवर हीच वेळ लिहिली आहे. दोघेही खरे बोलत आहेत. झाले इतकेच, की मधे दोन दिवस कालवा बंद राहिला, पाळ्या पुढे ढकलल्या गेल्या, नवा कागद निघाला, आणि एकाच्या हातात जुना कागद तसाच राहिला. गव्हाला एक पाणी कमी पडले तर ओंबी पोकळ राहते. वर्षाचे नुकसान होते ते एका शिळ्या कागदामुळे.

हा प्रश्न शेतीपुरताच नाही. शाळेची पालकसभा, तालुक्याचे प्रशिक्षण, दवाखान्यातील लसीकरणाचा दिवस, गावची यात्रा, अशा सगळ्या ठिकाणी अनेक माणसांना एकच वेळ माहीत असावी लागते, आणि ती बदलली तर तो बदल सगळ्यांपर्यंत पोचावा लागतो. हल्ली संगणकावर आणि मोबाइलवर सामाईक कॅलेंडर असते. त्यात हाताने एक नोंद करणे कुणालाही जमते. पण शेकडो नोंदी करायच्या असतील, तर ते काम आपण एका आज्ञावलीला, म्हणजे प्रोग्रॅमला सांगू शकतो. ती आज्ञावली नेमके काय करते आणि ती कुठे चुकू शकते, ते आपण पाण्याच्या पाळीचेच उदाहरण घेऊन पाहू.

आधी नियम, मग संगणक

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच नदीच्या खोऱ्यात पूर्वेकडे सरकत माण, आटपाडी, जतकडे गेले की पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. म्हणून पाणी वळवून न्यावे लागते. कऱ्हाडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यातून निघणारा कृष्णा कालवा एकोणिसाव्या शतकातला आहे. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या योजना त्याच कृष्णेचे पाणी उपसून दुष्काळी तालुक्यांकडे नेतात.

पाणी आले तरी ते एकाच वेळी सगळ्यांना मिळत नाही. कालव्याला ठरावीक दिवस पाणी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात. कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, आणि चारीच्या दारातून एका वेळी एकाच्या शेतात पाणी, अशी ही उतरंड आहे. शेजारच्या शेताचे झाले की पुढचे, या पद्धतीला आपल्याकडे शेजपाळी म्हणतात. शेवटच्या शेतापासून सुरुवात करून दाराकडे यावे, हा त्यातला शहाणपणाचा संकेत. कारण टोकाचा शेतकरी नेहमीच मागे राहतो.

समजा, एका दाराखाली ३६ एकर जमीन आहे आणि १८ शेतकरी आहेत. हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. एकरी ५ तास पाणी द्यायचे ठरले, तर पूर्ण फेर ३६ × ५ = १८० तासांचा, म्हणजे साडेसात दिवसांचा होतो. सुरुवात सोमवार, ५ जानेवारी २०२६ रोजी सकाळी ६ वाजता धरू. टोकाचे पहिले चार शेतकरी असे आहेत:

पहिला, २ एकर: सोमवारी सकाळी ६ ते दुपारी ४.
दुसरा, ३ एकर: सोमवारी दुपारी ४ ते मंगळवारी सकाळी ७.
तिसरा, १ एकर: मंगळवारी सकाळी ७ ते दुपारी १२.
चौथा, २ एकर: मंगळवारी दुपारी १२ ते रात्री १०.

पहिला फेर सोमवार, १२ जानेवारीला संध्याकाळी ६ वाजता संपतो आणि लगेच दुसरा सुरू होतो. आता तिसऱ्या शेतकऱ्याची पाळी कधी? मंगळवार, १३ जानेवारी, संध्याकाळी ७ ते रात्री १२. गेल्या खेपेला दिवसा होती, या खेपेला रात्री आली. फेर बरोबर सात दिवसांचा असता, तर रात्रीची पाळी असलेल्याने कायम रात्रीच जागरण केले असते. वरचा अर्धा दिवस ही गैरसोय आळीपाळीने सगळ्यांत वाटून देतो. मुलांना हे गणित जरूर करायला द्यावे. १६८ ऐवजी १८० तास घेतल्याने काय बदलते, हे त्यांचे त्यांना सापडू द्यावे.

एक गोष्ट इथेच नीट लक्षात घ्यायला हवी. एकरी ५ तास हा नियम संगणकाने ठरवलेला नाही. जमिनीच्या प्रमाणात पाणी द्यावे, की दर कुटुंबाला सारखे, हा माणसांनी ठरवायचा प्रश्न आहे. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडी या गावांच्या लोकांनी १९८० च्या दशकात बळीराजा स्मृती धरण उभारले, तेव्हा त्यांनी समन्यायी पाणीवाटपाचा आग्रह धरला होता. आज्ञावली दोन्ही नियम सारख्याच निर्विकारपणे पाळील. न्याय कोणता, ते तिला आधी सांगावे लागते.

नोंदीत काय काय लिहायचे?

निरनिराळ्या कंपन्यांची कॅलेंडरे एकमेकांच्या नोंदी वाचू शकतात, कारण नोंद कशी लिहायची याचा एक सर्वमान्य नमुना आहे. त्याचे नाव आय-कॅलेंडर. हा नमुना १९९८ साली प्रसिद्ध झाला आणि २००९ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. आश्चर्य म्हणजे, ही नोंद साध्या मजकुराची असते. ती कोणत्याही साध्या लेखन-आज्ञावलीत उघडून वाचता येते. मुळात तिच्यातली खुणेची नावे रोमन लिपीत असतात. अर्थ कळावा म्हणून आपल्या तिसऱ्या शेतकऱ्याची नोंद मराठीत मांडू:

नोंद सुरू
ओळख : दार४-आवर्तन२-शेत३-फेर१
आवृत्ती : ०
आरंभ : २०२६-०१-०६, ०७:००, भारतीय वेळ
शेवट : २०२६-०१-०६, १२:००, भारतीय वेळ
विषय : पाण्याची पाळी
आयोजक : पाणी वापर संस्था
निमंत्रित : शेत ३ चा खातेदार
नोंद संपली

आज्ञावली काय करते? ती शेतकऱ्यांची यादी वाचते. प्रत्येकासाठी एकर गुणिले ५ करते. मागच्याचा शेवट तो पुढच्याचा आरंभ, असे धरून वेळा काढते. प्रत्येकाची वरीलप्रमाणे नोंद लिहिते. यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून, असे चार फेर. १८ शेतकरी आणि ४ फेर, म्हणजे ७२ नोंदी. माणसाला हे काम हाताने करायला एक दुपार लागेल आणि पन्नासाव्या नोंदीच्या सुमारास तो कुठेतरी चुकेल. संगणकाला कंटाळा येत नाही.

तयार झालेल्या नोंदी दोन वाटांनी लोकांपर्यंत जातात. एक तर त्या ई-मेलने निमंत्रण म्हणून पाठवता येतात. घेणारा 'येतो', 'येत नाही' किंवा 'नक्की नाही' असे उत्तर देतो आणि ते उत्तर आयोजकाच्या नोंदीत जमा होते. दुसरी वाट म्हणजे आज्ञावली त्या नोंदी थेट सामाईक कॅलेंडर जिथे ठेवलेले असते त्या संगणकावर नेऊन लिहिते. या देवाणघेवाणीचेही सर्वमान्य नियम आहेत. ते कॅल-डॅव्ह या नावाने २००७ साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या वाटेने जाताना आज्ञावलीला त्या कॅलेंडरात लिहिण्याची परवानगी द्यावी लागते. ही परवानगी तेवढ्या एका कॅलेंडरापुरतीच द्यावी आणि परवलीचा शब्द आज्ञावलीच्या मजकुरात लिहून ठेवू नये. चावडीची किल्ली दाराला लटकवून ठेवण्यासारखेच आहे ते.

सगळ्यात महत्त्वाची ओळ

वरच्या नोंदीतली सर्वांत महत्त्वाची ओळ कोणती? बहुतेक जण म्हणतील, आरंभाची वेळ. खरे उत्तर आहे, 'ओळख'.

समजा, ५ जानेवारीला सकाळी पाणी सुटण्याआधीच निरोप आला, की कालव्याला भगदाड पडले असून दुरुस्तीला दोन दिवस लागतील. सगळ्या पाळ्या ४८ तास पुढे. आज्ञावलीतली आरंभाची तारीख बदलायची आणि ती पुन्हा चालवायची, इतके सोपे काम. पण नवखा आज्ञावलीकार इथे एक चूक हमखास करतो. प्रत्येक नोंदीला ओळख म्हणून तो एखादा यदृच्छ आकडा देतो, आणि दर वेळी नवा. मग दुसऱ्यांदा आज्ञावली चालवली, की कॅलेंडरच्या दृष्टीने या ७२ सर्वस्वी नव्या नोंदी ठरतात. जुन्या ७२ तशाच राहतात. मंगळवारी सकाळी ७ वाजताही पाळी, गुरुवारी सकाळी ७ वाजताही पाळी. म्हणजे चारीवरच्या त्या दोन कागदांचे भांडण आपण संगणकात शिरवले, आणि तेही अठरा घरांत एकदम.

यावरचा उपाय असा, की ओळख यदृच्छ न ठेवता ती नोंदीच्या अर्थातूनच तयार करायची: कोणते दार, कोणते आवर्तन, कोणते शेत, कितवा फेर. वेळ मात्र ओळखीत घालायची नाही, कारण बदलणारी गोष्ट तीच आहे. आता आज्ञावली दहा वेळा चालवली तरी तिसऱ्या शेतकऱ्याच्या पहिल्या फेराची ओळख तीच राहते. कॅलेंडर ती ओळख पाहते, जुनी नोंद शोधते आणि तिच्या जागी नवी ठेवते. नोंदी ७२ च्या ७२.

'आवृत्ती' ही ओळ याच कामाची. पहिल्यांदा शून्य, वेळ बदलली की एक, पुन्हा बदलली की दोन. काही कारणाने जुने निमंत्रण वाटेत रेंगाळले आणि नव्यानंतर येऊन पोचले, तर कॅलेंडर आवृत्ती पाहते आणि लहान आकड्याचे निमंत्रण बाजूला टाकते. कागदाला हे कधीच जमले नाही. पाळी रद्द झाली तर नोंद नुसती आपल्याकडून पुसून भागत नाही. तीच ओळख देऊन 'रद्द' असे कळवावे लागते, नाहीतर इतरांच्या मोबाइलवर ती तशीच राहते.

दोन पाळ्या एकमेकींवर येतात का?

नोंदी पाठवण्याआधी आज्ञावलीने एक तपासणी करावी. दोन पाळ्या एकमेकींवर चढतात, हे कसे ओळखायचे? पहिलीचा आरंभ दुसरीच्या शेवटाआधी असेल, आणि दुसरीचा आरंभ पहिलीच्या शेवटाआधी असेल, तरच त्या एकमेकींवर चढतात. रेषाखंड काढून मुलांकडून हे पडताळून घ्यावे. एक १२ ला संपते आणि दुसरी १२ ला सुरू होते, तेव्हा काय? भांडण नाही, कारण कॅलेंडरच्या नमुन्यात शेवटचा क्षण नोंदीत धरत नाहीत. याच नियमाने दिवसभराची नोंद ३ जानेवारीची असेल, तर तिचा शेवट ४ जानेवारी असा लिहितात. हे ठाऊक नसले की एक दिवसाची सुट्टी कॅलेंडरात दोन दिवसांची दिसते, आणि मुले त्याला हरकत घेत नाहीत!

वेळ कुठली?

'सकाळी ६' म्हणजे कुठले सहा? साताऱ्याचे रेखांश सुमारे ७४ अंश पूर्व, तर भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरची. दर अंशाला ४ मिनिटे धरली तर साताऱ्याचा सूर्य घड्याळाच्या सुमारे ३४ मिनिटे मागे असतो. सांगली थोडी पूर्वेला असल्याने तिथे सुमारे ३२. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली, त्यामुळे हा हिशेब आता रोजच्या व्यवहारात करावा लागत नाही. पण संगणकांचे जाळे जगभर पसरलेले असल्याने तोच प्रश्न मोठ्या रूपात परत येतो. बरेचसे संगणक आपसात जागतिक वेळ वापरतात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत.

आज्ञावलीने 'सहा वाजता' एवढेच लिहिले आणि कॅलेंडरने ते जागतिक वेळेतले सहा समजले, तर शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाळी साडेअकराला दिसेल. सकाळी ६ ची पाळी जागतिक वेळेत लिहायची तर मध्यरात्रीनंतरचे साडेबारा, म्हणजे ००:३० असे लिहावे लागते. १३ जानेवारीच्या पहाटे ४ वाजता संपणारी पाळी तर जागतिक वेळेत १२ जानेवारीच्या रात्री साडेदहाला संपते, तारीखच बदलते. म्हणून प्रत्येक वेळेशेजारी ती कुठली, हे लिहिलेच पाहिजे.

नियमात न बसणारा दिवस

दर सोमवारची शिक्षकसभा असेल, तर वर्षभराच्या नोंदी वेगवेगळ्या लिहायला नकोत. 'दर आठवड्याला, सोमवारी, इतक्या वेळा' अशी एकच ओळ पुरते. पुढचे कॅलेंडर पाहून घेते. पाण्याच्या पाळीला मात्र ही सोय न वापरलेलीच बरी. तिथे मधेच वेळा बदलतात, त्यामुळे प्रत्येक पाळीची स्वतंत्र नोंद हाताळायला सोपी जाते.

आणि काही दिवस असे, की ते अशा ओळीत बसतच नाहीत. वाई तालुक्यातल्या मांढरदेवीची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. ती २०२३ मध्ये ६ जानेवारीला, २०२४ मध्ये २५ जानेवारीला, २०२५ मध्ये १३ जानेवारीला आणि २०२६ मध्ये ३ जानेवारीला आली. मधली अंतरे काढा: ३८४, ३५४ आणि ३५५ दिवस. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने त्या खेपेला एक महिना वाढला. 'दर वर्षी याच तारखेला' असा नियम दिला तर एस.टी., पोलीस आणि आरोग्य पथक चुकीच्या दिवशी घाटात पोचतील. इथे आज्ञावलीला एकतर पंचांगाचे गणित शिकवावे लागते, किंवा पंचांगातून काढलेल्या तारखांची यादी द्यावी लागते. दुसरा मार्ग सोपा आणि तपासायलाही बरा.

मराठीची एक अडचण

आय-कॅलेंडरच्या नमुन्यात एक ओळ ७५ बाइटांहून लांब नसावी असा संकेत आहे. लांब असली तर ती मोडून पुढच्या ओळीवर न्यायची. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, पण देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हे धरली जातात. 'पाण्याची पाळी' यात १२ चिन्हे आणि एक मोकळी जागा, म्हणून ३६ + १ = ३७ बाइट. म्हणजे पंचवीस चिन्हांतच ओळ भरते. आज्ञावलीने डोळे झाकून ७५ व्या बाइटावर ओळ मोडली, तर ती एखाद्या चिन्हाच्या मधोमध मोडू शकते आणि तिथे अक्षराऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसण्याचा संभव असतो. इंग्रजीत चाचणी करणाऱ्याला हा दोष कधीच दिसत नाही. म्हणून चाचणी नेहमी आपल्या भाषेतल्या मजकुराने करावी.

वर्गात करून पाहण्यासाठी

ज्या शाळेत संगणक आहे, तिथे वरच्या मुलांनी शाळेच्या परिपाठाच्या पाळ्यांची अशी आज्ञावली लिहून पाहावी. एक वेगळे सरावाचे कॅलेंडर करावे आणि निमंत्रित म्हणून आधी दोघा-तिघांनाच घ्यावे. मग तीन परीक्षा घ्याव्यात. आज्ञावली लागोपाठ दोनदा चालवली तर नोंदी दुप्पट होतात का? एक तारीख बदलली तर सगळ्यांकडे जुनी जाऊन नवी येते का? एक पाळी रद्द केली तर ती प्रत्येकाच्या मोबाइलवरून जाते का? या तिन्हींत उतरली तर ती आज्ञावली गावाच्या उपयोगाची.

जिथे संगणक नाही, तिथे हा खेळ कागदावर खेळता येतो. प्रत्येक मुलाला पाळीची चिठ्ठी द्यावी, चिठ्ठीवर ओळख आणि आवृत्ती लिहावी, मग मधेच 'कालवा फुटला' असे जाहीर करून नव्या चिठ्ठ्या वाटाव्यात. काही जुन्या चिठ्ठ्या मुद्दाम उशिरा द्याव्यात. ज्यांनी ओळख आणि आवृत्ती पाहिली, ते बरोबर वेळी उभे राहतील.

शेवटी, दाराखालच्या अठरांपैकी एकाकडे जरी साधा फोन असेल, किंवा मुळीच नसेल, तरी पाळी त्याचीही आहे. म्हणून त्याच यादीवरून आज्ञावलीने चावडीवर लावायचा कागदही छापावा, आणि त्या कागदाच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत आवृत्तीचा आकडा घालावा. चारीवर समोरासमोर आलेल्या दोघांनी मग आपापल्या कागदांचे कोपरे बॅटरीच्या उजेडात पाहिले, की पाणी कोणाचे ते ठरेल.